धीर देणाऱ्या बाईला धीर कोण देणार?

दुपारच्या कार्यक्रमात आम्ही या विषयावर बोललो, तेव्हा बऱ्याच गटांनी निरोप पाठवला की हे लिहून द्या, म्हणजे बैठकीत वाचता येईल. म्हणून तेच बोलणं जरा नीट मांडून इथे देतो आहोत. एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. ऐकता ऐकता मेथी निवडली तरी आमची हरकत नाही.

सुरुवात आमच्याच गटातल्या एका गोष्टीपासून करतो. आमच्या एका मैत्रिणीचा नातू आता तीन वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा तो लगेच रडला नव्हता. पुढे मान धरायला उशीर लागला, पाय ताठ राहू लागले. अंगणवाडीत मुलं तपासायला जे पथक येतं, त्यांनी त्याला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूला वाढीच्या काळात इजा झाली, त्यामुळे हातापायांवरचा ताबा कमी आहे. गोळी घेऊन हे बरं होत नाही. पण व्यायाम, बसण्या-उभं राहण्याचा सराव, पायाला आधाराचे बूट, यानं मूल पुष्कळ काही शिकू शकतं.

तेव्हापासून दर मंगळवारी आजी नातवाला कडेवर घेऊन एस.टी.नं जाते. मुलाची आई मजुरीला जाते, तिचा रोज बुडून चालत नाही. दोन वर्षं हे सुरळीत चाललं होतं. मग एका मंगळवारी तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताई आजीवर सगळ्यांसमोर ओरडल्या. "घरी काहीच करून घेत नाही तुम्ही. मग मी काय जादू करू?"

आजी घरी आली ती डोळे पुसतच. म्हणाली, "कांद्याची लागण चालू होती, पंधरा दिवस घरात माणूस नव्हतं. तिला काय ठाऊक? आता त्या बाईचं तोंड बघायचं नाही." आणि खरंच ती गेली नाही. सहा आठवडे. तेवढ्यात पोराच्या पोटऱ्या आखडल्या. टाच जमिनीला टेकेना, आधाराचा बूट पायात जाईना.

आम्हाला फार राग आला. खरं सांगतो, आम्ही दोघीजणी आजीबरोबर गेलो त्या भांडायलाच गेलो होतो.

बाकावरून काय दिसलं

आम्ही सकाळी दहाला बाकावर बसलो. आमचा नंबर यायला दीड वाजला. तोवर त्या ताईंनी अकरा मुलं बघितली. एक मूल तर सारखं किंचाळत होतं आणि त्या त्याच्याशी गाणं म्हटल्यासारख्या बोलत होत्या. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा होता, त्याला उचलून गादीवर घ्यायला मदतनीस नव्हता. त्यांनी एकटीनं उचलला. मध्येच फोन आला की कुठला तरी तक्ता आजच भरून पाठवा.

एक जोडपं पहिल्यांदाच आलं होतं. त्यांना एकच प्रश्न होता, "आमची मुलगी चालेल ना?" ताई त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. ती आई ओंजळीत तोंड घालून रडली. ते दोघं उठून गेले, आणि दोन मिनिटांत ताईंनी पुढच्या बाळाला हसत हसत टाळ्या वाजवून दाखवल्या.

आमचा नंबर आला तेव्हा आमची भांडणाची भाषा निम्मी झाली होती. आजी मात्र स्पष्ट बोलली. म्हणाली, "ताई, मागच्या वेळी तुम्ही मला लई लागेल असं बोललात." ताई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आजी, चुकलं माझं. त्या दिवशी माझ्यात काही उरलंच नव्हतं."

जेवणाच्या सुट्टीत त्या आमच्याशी बोलल्या. नाव-गाव सांगायचं नाही या अटीवर त्यांनी हे रेडिओवर बोलायला परवानगी दिली. त्या म्हणाल्या, "हातपाय दुखतात त्याचं मला काही वाटत नाही, रात्री झोपलं की उतरतं. पण दिवसभर एकेका आईचं ऐकायचं. कुणाला नवऱ्यानं सोडलेलं, कुणाला सासू म्हणते तुझ्याच पोटाला खोट. ते ऐकून माझ्या पोटात कालवतं, पण चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. तिला धीर द्यायचा. लगेच पुढचीला द्यायचा. घरी गेल्यावर माझ्या स्वतःच्या मुलानं हाक मारली तरी नको वाटतं."

हे शेवटचं वाक्य ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. असं आपल्यालाही कधी ना कधी वाटलेलं आहे.

थेरपिस्ट म्हणजे नेमकं कोण?

पुढे जाण्याआधी एवढं समजून घेऊ. फिजिओथेरपिस्ट सांधे, स्नायू, हालचाल यांवर काम करतात. लकवा मारलेल्या माणसाला पुन्हा उभं करणं, हाड जुळल्यावर हात मोकळा करणं हे त्यांचं काम. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचार करणारे, रोजच्या जगण्यातली कामं शिकवतात: घास तोंडापर्यंत नेणं, बटण लावणं, पेन्सिल धरणं. वाचा-उपचार करणारे बोलणं, ऐकणं आणि गिळणं यांवर काम करतात. आणि मानसोपचारात बोलून उपचार करणारे समुपदेशक असतात.

देशात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण देणारी पहिली शाळा एका बाईनं काढली, आणि ती आपल्या महाराष्ट्रात. कमलाबाई निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ती सुरू केली. त्या जन्मानं अमेरिकन, लग्न होऊन इथल्या झालेल्या.

आज जिल्ह्याच्या ठिकाणी ही माणसं आपल्याला भेटतात ती बहुतेक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे. हा कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. ज्या मुलाला पुढचे उपचार लागतात त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आमच्या मैत्रिणीचा नातू असाच तिथे पोचला.

या सगळ्या उपचारांत एक गोष्ट सारखी आहे. इंजेक्शन टोचलं आणि मोकळं झालं, असं इथे नसतं. तेच मूल, तीच आई, महिनोन्‌महिने. फरक पडतो तो तांदळाच्या दाण्याएवढा. म्हणून थेरपिस्ट आणि घरचे यांच्यात नातं तयार होतं. उपचार त्या नात्यावरच चालतो, आणि थेरपिस्टला थकवतंही तेच.

चेहरा सांभाळण्याचं काम

आपण काम म्हटलं की दोन प्रकार मानतो. एक अंगमेहनतीचं, दुसरं डोक्याचं. तिसरं एक काम असतं, ते मनाचं. समोरच्याला बरं वाटावं म्हणून आपला राग गिळायचा, रडू दाबायचं, नसलेलं हसू आणायचं.

अमेरिकेतल्या आर्ली हॉचशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी विमानात प्रवाशांची सेवा करणाऱ्या मुलींचा अभ्यास केला. प्रवासी कितीही उद्धट वागला तरी त्या मुलींनी हसायचं, हा त्यांच्या नोकरीचाच भाग. त्या हसण्याचा पगार असतो. हॉचशिल्डबाईंनी याला भावनांचे श्रम म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की हे श्रम दोन तऱ्हांनी होतात. एक म्हणजे वरवरचं हसू, आत काही नसताना. दुसरं म्हणजे स्वतःला समजावून, आतूनच तसं वाटायला लावणं. दोन्हींत माणूस खर्च होतो. वरवरच्या हसण्यात तर आपणच खोटे आहोत असं वाटायला लागतं.

थेरपिस्टचं काम याहून अवघड, कारण तिला खोटंही बोलायचं नसतं. "तुमची मुलगी चालेल ना?" या प्रश्नाला "हो" म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नसेल. "नाही" म्हटलं तर आई उद्यापासून येणारच नाही. या दोहोंच्या मधली वाट रोज, प्रत्येक आईसाठी वेगळी शोधायची. आणि हे काम कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहायला रकाना नसतो. "आज अकरा मुलं तपासली" एवढंच लिहिलं जातं. एका आईला सावरलं, हे कुठेच लिहिलं जात नाही.

डाळ करपते तेव्हा

असं वर्षानुवर्षं चाललं की काय होतं? 1974 साली न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात मनापासून राबणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं. जे सगळ्यात जास्त जीव ओतायचे तेच एक दिवस पार रिकामे होत होते. त्यांनी याला बर्नआउट म्हटलं. आपण त्याला करपणं म्हणू.

पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक या संशोधक बाईंनी 1981 साली सहकारी सुझन जॅक्सन यांच्याबरोबर ते मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यांनी तीन खुणा सांगितल्या. आपल्या भाषेत त्या अशा.

पहिली, मनाचा थकवा. रात्री झोपूनही सकाळी उठावंसं वाटत नाही. आणखी एका माणसाचं दुःख ऐकायची ताकदच नसते.

दुसरी, कोरडेपणा. समोरचं लेकरू लेकरू वाटत नाही, "सात नंबरची केस" वाटतं. आवाज कडक होतो, टोमणे येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बाई माजली आहे. पण पुष्कळदा हा कोरडेपणा म्हणजे आतल्या जखमेवर धरलेली खपली असते.

तिसरी, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. "एवढी वर्षं केलं, काय उपयोग झाला?"

आमच्या आजीला जे ऐकून घ्यावं लागलं, त्यात या तिन्ही खुणा होत्या. "मी काय जादू करू" हे वाक्य आजीला उद्देशून होतं खरं, पण त्यात ताईंची स्वतःबद्दलची निराशाही होती.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली आपल्या आजारांच्या यादीत बर्नआउटची नोंद नीट शब्दांत केली. हा आजार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कामाच्या जागी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा हा परिणाम आहे. हे आपण लक्षात ठेवायला हवं. पातेल्यात डाळ शिजत ठेवली, जाळ मोठा राहिला, पाणी आटलं, तर डाळ तळाला लागणारच. तेव्हा आपण डाळीला नावं ठेवत नाही. जाळ कमी करायला आणि पाणी घालायला कोण विसरलं, ते बघतो.

जाळ कुठला आणि पाणी कुठलं?

ताईंच्या कामातला जाळ आपण बाकावरून पाहिलाच. मुलं जास्त, हात कमी. वजन उचलून पाठ आणि अंगठे दुखणं. त्यात कागदांची आणि तक्त्यांची घाई. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली नेमणूक कराराची असते, त्यामुळे पुढच्या वर्षी नोकरी राहील का हा घोर वेगळाच. वरून लोक म्हणतात, "ती मालिशवाली बाई." चार वर्षं शिकून, वर सहा महिने रुग्णालयात काम करून पदवी घेतलेल्या मुलीला हे ऐकून काय वाटत असेल?

पण नुसता जाळ मोठा असला म्हणून सगळेच करपत नाहीत. 1979 साली रॉबर्ट कॅरासेक या संशोधकानं एक महत्त्वाची गोष्ट मांडली. काम खूप आहे, एवढ्यानं माणूस मोडत नाही. काम खूप आणि ठरवण्याचा अधिकार नाही, तेव्हा तो मोडतो.

हे आपल्याला शिकवायची गरज आहे का? पंधरा माणसांचा स्वयंपाक सुनेनं करायचा, पण आज भाजी कुठली करायची हे तिनं ठरवायचं नाही. तीच सून माहेरच्या लग्नात पन्नास माणसांचं रांधते, आणि हसत रांधते. तिथे तिचं चालतं. थेरपिस्टचंही असंच आहे. कुठल्या मुलाला किती वेळ द्यायचा, दिवसाला किती मुलं घ्यायची, अवघड बातमी सांगितल्यावर पाच मिनिटं थांबायचं का, हे तिच्या हातात असेल तर तेच काम सोसतं.

पुढच्या संशोधकांनी यात आणखी एक गोष्ट जोडली. सोबतीचा आधार. वरिष्ठ ऐकून घेतात का? बरोबरीचं कुणी आहे का, जिच्यापाशी मन मोकळं करता येईल?

इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगतो. 1950 च्या दशकात लंडनमध्ये मायकेल बॅलिंट नावाच्या डॉक्टरांनी गावा-गल्लीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना गोल करून बसवायला सुरुवात केली. आजारावर चर्चा करायची नाही. एखाद्या रुग्णाबद्दल मला राग का येतो, एखाद्याचा घोर मला घरी का छळतो, हे बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. असे गट आजही अनेक देशांत चालतात. मैत्रिणींनो, आपण बचत गटात हप्ता भरायला जमतो आणि हप्ता भरून झाल्यावर अर्धा तास बसतो, त्या अर्ध्या तासात आपण दुसरं काय करतो? आपल्याला गट आहे. त्या ताईंना नव्हता. त्या केंद्रात त्यांच्या कामाची दुसरी व्यक्तीच नव्हती. वाचा-उपचाराची जागा रिकामी होती, म्हणून त्या मुलांच्या आयाही यांच्याचकडे येऊन रडायच्या.

म्हणजे आम्ही ऐकून घ्यायचं का?

कार्यक्रमानंतर एका ताईंनी फोन करून हेच विचारलं. "ती थकलेली आहे म्हणून तिनं आमचा पाणउतारा करायचा का?"

नाही. अजिबात नाही. थकवा हे कारण आहे, परवाना नाही. रुग्णाशी आणि त्याच्या माणसांशी नीट बोललंच पाहिजे. आमच्या आजीनं केलं ते बरोबर केलं: तोंडावर, शांतपणे, "मला लागलं" असं सांगितलं. वारंवार तसं होत असेल तर रुग्णालयाच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार करायची. पण तक्रारीत आणखी एक ओळ लिहायची: "इथे एकच थेरपिस्ट आहे, मदतनीस नाही, रिकामी जागा भरावी." नुसतं माणसाला शिक्षा करून मोकळं झालं, तर पुढे येणारी बाईही त्याच जाळावर बसणार.

आणि उपचार सोडायचा नाही. रुसलो आपण, पण बूट पोराच्या पायात जाईना झाला.

आपल्या हातात काय आहे?

घरच्या व्यायामाबद्दल खरं सांगा. "करतो की रोज" असं खोटं सांगितलं तर थेरपिस्टला वाटतं, उपचारच लागू पडत नाही. त्यापेक्षा सांगा, "ताई, सुगी आहे, रोज अर्धा तास जमत नाही. दहा मिनिटांत बसेल असं काय ते दाखवा." आमच्या आजीला ताईंनी असंच बसवून दिलं. अंघोळीआधी तेल लावताना टाच हळू ताणायची. जेवताना पोराला भिंतीच्या कोपऱ्यात टेकवून बसवायचं. एवढी दोनच कामं, पण रोज.

एक वही ठेवा. लिहिता येत नसेल तर कॅलेंडरवर खूण करा. काय नवं जमलं तेही सांगा. "परवा त्यानं स्वतः भाकरीचा तुकडा उचलला" हे सांगायला पैसे लागत नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढा फरक घरीच दिसतो, केंद्रात दिसत नाही. तो तिला कळला तर "काय उपयोग झाला" या विचारावर पाणी पडतं.

घरातल्या पुरुषालाही एखाद्या मंगळवारी पाठवा. सगळं दुःख बायकांनी बायकांनाच सांगायचं असं कुठे लिहिलं आहे?

गट म्हणून आणखी दोन गोष्टी करता येतील. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आपल्या बाया असतात. रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपर्यंतही आपलं म्हणणं पोचवता येतं. रिकामी जागा, मदतनीस, बसायला सावली, नंबराची वेळ आधी कळणं, हे विषय तिथे मांडा. आणि आपल्याच गटातली एखादी आशा, अंगणवाडी सेविका किंवा नर्स असेल तर तिला विचारा, "तुझं कसं चाललंय?" तिचंही काम मनाचंच आहे.

कुणाला फारच जड होत असेल, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये तो सुरू झाला. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. थेरपिस्टनंही लावावा, आपणही लावावा.

आणि आपल्या घरात?

शेवटी एक आपलंच. आपल्यातल्या कितीजणी लकवा झालेल्या सासऱ्यांचं करतात, दिव्यांग लेकराचं करतात, नवऱ्याच्या दारूपायी घाबरलेल्या पोरांना कुशीत घेतात? ताईंना निदान दोन वाजता जेवणाची सुट्टी आहे, महिन्याला पगार आहे. घरातल्या बाईला तेही नाही. तीही एक दिवस करपते आणि लेकरावर ओरडते, मग रात्री स्वतःलाच दोष देते. तिलाही हेच सांगायचं आहे. तू वाईट नाहीस, जाळ मोठा आहे. जाळ वाटून घ्यायला माणसं शोधू. आठवड्यातला एक अर्धा दिवस कुणी तरी तिच्या जागी बसायला जाऊ शकतं का, हे गटानं ठरवायचं.

धीर देणं हे काम आहे. भाकरी थापण्याइतकं, निंदणी करण्याइतकं खरं काम. ते दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही, आणि मोजत नाही म्हणून करणारीला विश्रांती मिळत नाही. रुग्णालयात आणि घरात, दोन्हीकडे ते मोजायला आपणच सुरुवात करू.

आमच्या आजीचा नातू आता पुन्हा मंगळवारी जातो. नवा बूट मापाचा करून घ्यावा लागला. टाच अजून पुरती टेकत नाही. ताई म्हणाल्या, "बघू, हळूहळू." आजी म्हणाली, "तुम्ही जेवलात का आधी?" आणि डब्यातली भाकरी-ठेचा पुढे केला.

पुढच्या बैठकीत हप्ता झाल्यावर प्रत्येकीनं दोन गोष्टी सांगाव्यात. या आठवड्यात मी कुणाला धीर दिला? आणि मला कुणी दिला? दुसऱ्या प्रश्नाला जी गप्प बसेल, तिच्या घरी त्याच संध्याकाळी एक चक्कर मारा. काय झालं ते आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात बोलू. येतो मग. नमस्कार.